स्टेनलेस स्टीलची बिजागरी निवडताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पावसाळा सरत आला की दारे-खिडक्यांच्या दुरुस्तीविषयीची पत्रे वाढतात. या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय बिजागरी हाच असल्यामुळे हे सदर पूर्णपणे तिच्यासाठी ठेवले आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे न देता केवळ गावे दिली आहेत.

प्रश्न : आमचे घर समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत आहे. सागवानी दारे-खिडक्यांच्या लोखंडी बिजागऱ्या गंजून पार खलास झाल्या, म्हणून दोन वर्षांपूर्वी सगळ्या बदलून स्टेनलेस स्टीलच्या बसवल्या. दुकानदाराने लोहचुंबक लावून दाखवला होता आणि तो चिकटला नव्हता. तरीही आता बिजागऱ्यांच्या पानांवर, म्हणजे चपट्या पट्ट्यांवर, तपकिरी डाग आहेत, स्क्रूंची डोकी गंजली आहेत आणि काही बिजागऱ्या करकरतात. आमची फसवणूक झाली का? आता कोणत्या बिजागऱ्या घ्याव्यात? (वेंगुर्ले)

उत्तर : डाग, गंजलेले स्क्रू आणि करकर या तुमच्या तक्रारींची कारणे बहुधा वेगवेगळी आहेत, त्यामुळे फसवणूक झाली की नाही हे ठरवण्यापूर्वी त्या सुट्या करून पाहिल्या पाहिजेत.

प्रथम डागांविषयी. पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असले, तर हवेतील ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन धातूवर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर बसतो, आणि ओरखडा पडला तरी तो थर आपोआप पुन्हा धरतो. स्टेनलेस स्टील टिकते ते या थराच्या आधारावर. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यातील मिठातला क्लोराइड नेमका याच थराला जागोजागी भेदतो, आणि त्याला किती काळ दाद द्यायची नाही हे पोलादात आणखी काय मिसळले आहे यावर ठरते. बाजारातील ३०४ या प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ३१६ या प्रतीत निकेल थोडे अधिक असते आणि शिवाय दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते. खाऱ्या हवेला तोंड देण्याची तिची जास्तीची ताकद मुख्यतः या मॉलिब्डेनममधून येते. याखेरीज २०१ आणि २०२ या प्रती आहेत, ज्यांत महागड्या निकेलचा बराचसा भाग कमी करून त्याच्या जागी मँगेनीज घातलेले असते. २०२ हे काही खोटे पोलाद नव्हे. कोरड्या हवेच्या गावात, घराच्या आतल्या दाराला ते वर्षानुवर्षे चालते. वेंगुर्ल्याच्या हवेत मात्र त्याच्यावर डाग येणे अपेक्षितच आहे, आणि केवळ ‘एसएस’ एवढेच सांगून ते विकले जाते ही माझ्या मते ग्राहकाच्या दृष्टीने गंभीर बाब आहे.

लोहचुंबकाची परीक्षा याबाबतीत फारशी उपयोगी पडत नाही. २०२, ३०४ आणि ३१६ यांपैकी कोणालाच चुंबक धड चिकटत नाही, त्यामुळे चुंबक न चिकटण्यावरून एवढेच समजते की हातातला तुकडा मुलामा दिलेले लोखंड किंवा निकेल नसलेले ४३० पोलाद नाही. उलट, पत्रा थंड असतानाच वाकवून बिजागरीच्या नळ्या बनवलेल्या असल्यामुळे अस्सल ३०४ सुद्धा त्या वळणापाशी चुंबकाला किंचित ओढते. तेवढ्यावरून ती बिजागरी नाकारू नये. प्रत कळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे धातूचे पृथक्करण. धातूच्या मोठ्या व्यापाऱ्यांकडे आणि तपासणी प्रयोगशाळांत हातात धरून वापरायचे क्ष-किरण यंत्र असते आणि ते काही क्षणांत घटक दाखवते. निकेल किंवा मॉलिब्डेनम ओळखणारे रासायनिक द्रावणही मिळते. त्याचा थेंब टाकून रंग पाहतात. सामान्य ग्राहकाने किमान बिलावर प्रत लिहून घ्यावी. ‘एसएस बिजागरी, अमुक नग’ असे बिल पुढे काहीच सिद्ध करत नाही, परंतु ‘एसएस ३०४’ असे लिहिलेले बिल करते. स्टेनलेस स्टीलच्या बट, म्हणजे दोन पानांच्या नेहमीच्या, बिजागऱ्यांसाठी आयएस १२८१७ हे भारतीय मानक आहे. वेष्टनावर आयएसआय चिन्हाच्या वर हा क्रमांक आहे का ते पाहावे आणि चिन्हाखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या ॲपवर पडताळून घ्यावा.

स्क्रूंचे दुखणे निराळे आहे. पुष्कळदा बिजागरी चांगली घेतली जाते आणि सुतार आपल्या पिशवीतले लोखंडी किंवा मुलाम्याचे स्क्रू मारून मोकळा होतो. दोन भिन्न धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यांच्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह सुरू होतो आणि त्यातला दुबळा धातू झिजतो. येथे दुबळा धातू लोखंडाचा आणि आकाराने छोटा, तर बलवान धातू बिजागरीच्या रुंद पानाचा. अशा विषम जोडीत लहान तुकडा फार वेगाने खाल्ला जातो, म्हणजे तो स्क्रू साध्या लोखंडी बिजागरीत जितका टिकला असता त्यापेक्षाही कमी टिकतो. बिजागरीची प्रत आणि स्क्रूची प्रत एकच हवी, आणि स्क्रू विकत घेऊन सुताराच्या हाती स्वतः द्यावेत.

करकर बहुधा खिळीतून, म्हणजे दोन्ही पाने जोडणाऱ्या नळ्यांतल्या दांड्यातून, येते. स्वस्त बिजागऱ्यांत पाने स्टेनलेसची आणि आतली खीळ लोखंडाची असे सर्रास आढळते. बाहेरून काहीच दिसत नाही, पण नळ्यांच्या आत मीठ आणि पाणी अडकून खीळ गंजते आणि फुगते. येथे मात्र चुंबक खरोखर कामाचा आहे. तो खिळीच्या उघड्या टोकाला लावावा. तेथे घट्ट चिकटला आणि पानाला चिकटला नाही, तर उत्तर मिळालेच. बॉलबेअरिंग असलेल्या बिजागरीतले छर्रेही पुष्कळदा गंजणाऱ्या पोलादाचे असतात, म्हणून किनाऱ्यावर मी नायलॉनच्या चकत्या असलेली बिजागरी अधिक पसंत करतो.

आता काय करावे? आधी आहेत त्या बिजागऱ्या साबणाच्या पाण्याने आणि मऊ कापडाने पुसून पाहा. डाग निघाले आणि खाली खड्डे नसले, तर बिजागरी बदलण्याचे कारण नाही. फक्त स्क्रू बदला. खड्डे पडले असतील किंवा खीळ लोखंडी निघाली, तर समुद्राच्या बाजूच्या आणि बाहेर उघड्या असलेल्या दारे-खिडक्यांना ३१६ आणि घराच्या आतल्या दारांना ३०४ अशी विभागणी केली म्हणजे खर्च आटोक्यात राहतो. पृष्ठभाग शक्यतो गुळगुळीत, चकचकीत घ्या, कारण खरखरीत पृष्ठभागावर मीठ अधिक साचते. एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते : पावसाने धुतल्या जाणाऱ्या बिजागरीपेक्षा पडवीच्या किंवा छज्जाच्या आडोशाला असलेली बिजागरी लवकर डागाळते, कारण तिच्यावर मीठ बसत राहते आणि ते धुऊन काढायला पाऊस पोहोचत नाही. अशा बिजागऱ्या पंधरवड्यातून एकदा गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून कोरड्या कराव्यात. तारेचा काथ्या कधीही वापरू नये, कारण त्याचे लोखंडी कण पृष्ठभागात रुततात आणि मग तेच गंजतात.

प्रश्न : आमच्या सदनिकेचे मुख्य दार भरीव सागवानाचे, सात फूट उंच, साडेतीन फूट रुंद आणि ३५ मिलिमीटर जाड आहे. दर पावसाळ्यात ते खाली उंबरठ्याला घासते. सुताराने दोन वेळा रंधा मारून दिला, तर आता उन्हाळ्यात फट दिसते. तीन जुन्या बिजागऱ्या काढून पाच इंची स्टेनलेसच्या बसवा, असे तो म्हणतो. ते योग्य होईल का? (पुणे)

उत्तर : रंधा मारण्याची घाई झाली, असे मला वाटते. दार फुगले आहे की लोंबले आहे हे आधी ठरवायला हवे होते, कारण या दोन्हींत घासण्याची खूण निराळी असते. फुगलेल्या दाराची कुलपाच्या बाजूची फट वरपासून खालपर्यंत सारखीच अरुंद होते. लोंबलेल्या दाराची वरची बिजागरी चौकटीपासून सुटू लागलेली असते. त्यामुळे बिजागरीच्या बाजूला वर फट रुंदावते, कुलपाच्या बाजूचा वरचा कोपरा चौकटीला टेकतो आणि खालचा कोपरा उंबरठ्याला घासतो. दार अर्धे उघडून मुठीला धरून वर उचलून पाहा आणि त्याच वेळी दुसऱ्या माणसाला वरच्या बिजागरीकडे लक्ष ठेवायला सांगा. पान चौकटीतून हलत असेल तर दोष स्क्रूच्या भोकांचा आहे. पान स्थिर असून खीळच नळ्यांत खेळत असेल तर बिजागरी झिजली आहे. आपण सांगितलेल्या लक्षणांवरून पहिली शक्यता अधिक दिसते, आणि तसे असेल तर नवी बिजागरी त्याच ढिल्या भोकांत बसवून काहीच साधणार नाही.

वरच्या बिजागरीवर किती ताण येतो याचा हिशेब करण्यासारखा आहे. सागाचे वजन दर घनमीटरला साधारण ६५० किलो धरले, तर आपल्या दाराचे वजन सुमारे ५० किलो भरते. ते वजन दाराच्या मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून पावणेदोन फुटांवर एकवटले आहे असे मानले, आणि वरच्या व खालच्या बिजागरीतले अंतर १.६ मीटर धरले, तर वरच्या बिजागरीला चौकटीतून बाहेर ओढणारा आडवा जोर सुमारे १७ किलोचा येतो. हा जोर दिवसरात्र चालू असतो, आणि दार जोरात उघडले किंवा मुलांनी मुठीला लोंबकळून झोका घेतला की तो कैकपटीने वाढतो. वरच्या बिजागरीचे स्क्रू म्हणूनच आधी ढिले होतात. भोके मोठी झाली असतील, तर ती स्वच्छ करून त्यांत कठीण लाकडाची खुंटी पाण्याने न सुटणाऱ्या गोंदाने किंवा इपॉक्सीने ठोकून बसवावी, एक दिवस सुकू द्यावी आणि मग नवे बारीक भोक पाडावे. काड्यापेटीच्या काड्या कोंबणे हा केवळ आठवडाभराचा उपाय आहे. चौकटीच्या बाजूला पूर्वीपेक्षा पाऊण ते एक इंच लांब स्क्रू वापरले, तर ते मागच्या अखंड लाकडात जाऊन धरतात आणि खुंटीवर सगळा भार पडत नाही.

बिजागऱ्यांची संख्या ठरवताना दाराच्या उंचीच्या दर ३० इंचांमागे एक, असा सर्वसाधारण नियम पाळतात. त्या हिशेबाने सात फुटी दाराला तीन पुरेशा आहेत. दार याहून जड असेल, उदाहरणार्थ त्यावर मागाहून जाड पॅनेल चढवले असेल, तर चौथी घालावी. तिसरी बिजागरी अगदी मध्यावर लावली तर दाराची पट्टी वाकत नाही; पण जड दारात ती वरच्या बिजागरीखाली फूटभर अंतरावर लावली तर ओढ वाटून घेतली जाते. आपल्या दारासाठी मी दुसरा पर्याय सुचवेन.

सुतार पाच इंची बिजागरी सुचवतो त्यात गैर काही नाही, मात्र लांबीपेक्षा पत्र्याची जाडी अधिक महत्त्वाची आहे. दुकानात जाडी अनेकदा गेजमध्ये सांगतात, आणि गेजचा आकडा मोठा तितका पत्रा पातळ असतो : १० गेज म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, १२ म्हणजे सुमारे २.६, १४ म्हणजे जेमतेम दोन. ५० किलोच्या दाराला १२ गेजपेक्षा पातळ पत्रा घेऊ नये. पुण्याच्या हवेत ३०४ पुरेसे आहे, ३१६ साठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

दुरुस्तीत एक अडचण नेहमी येते आणि तिचा विचार खरेदीपूर्वी केलेला बरा. जुनी बिजागरी चौकटीत आणि दारात पटाशीने केलेल्या खाचेत बसलेली असते. नवी जास्त जाड असेल तर पान वर येते आणि बिजागरीच्या बाजूची फट वाढते. पातळ असेल तर पान खाचेत खोल जाते, दार बिजागरीच्या बाजूला अडते आणि बंद करताना परत उसळते. पातळ असल्यास पानामागे तेवढ्याच आकाराची प्लॅस्टिकची किंवा पातळ लाकडाची पट्टी घालता येते. वेगवेगळ्या उत्पादकांच्या चार इंची बिजागऱ्यांत भोकांच्या जागाही जुळत नाहीत. नवे भोक जुन्या भोकाच्या अर्ध्यावर आले तर स्क्रू घसरून जुन्यातच जातो. म्हणून जुनी बिजागरी काढून सोबत घेऊनच दुकानात जावे, आणि भोके जुळत नसतील तर जुनी सर्व भोके खुंट्यांनी बुजवल्याशिवाय नवी पाडू नयेत. एवढे करून झाल्यावर, दार सरळ लटकते आहे याची खात्री पटल्यावर आणि तरीही ते पावसाळ्यात घासत असेल तरच रंध्याला हात घालावा. रंध्यानंतर उघडे पडलेले लाकूड, विशेषतः दाराची खालची कड, पॉलिश किंवा रंगाने त्याच दिवशी बंद करावी, कारण पावसाळी ओल मुख्यतः तेथूनच आत शिरते.

प्रश्न : न्हाणीघराच्या दाराला ३०४ च्या बिजागऱ्या आहेत आणि बिलावरही तसे लिहिले आहे. वरच्या दोन नव्यासारख्या आहेत. खालची मात्र काळवंडून तिच्यावर बारीक खड्डे पडले आहेत. असे का? (सांगली)

उत्तर : फरशी साफ करण्यासाठी आपण ॲसिड वापरत असाल तर कारण तेच आहे. घरात ॲसिड म्हणून मिळते ते बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. त्यात आम्लही आहे आणि क्लोराइडही, आणि त्यापुढे ३०४ काय, ३१६ सुद्धा टिकत नाही. त्याची वाफ जमिनीलगत राहते म्हणून खालच्या बिजागरीचे नुकसान अधिक झाले. प्रत बदलण्यापेक्षा ॲसिड बंद करावे. ते वापरणे अगदी अटळ असेल तर दार उघडे ठेवून, नंतर भरपूर पाण्याने फरशी आणि बिजागरी दोन्ही धुवावीत.

प्रश्न : नवव्या मजल्यावरील आमच्या ॲल्युमिनियमच्या खिडकीची बाहेर उघडणारी झडप वाऱ्यात जागेवर थांबत नाही. बिजागरीऐवजी तिला वर-खाली सरकत्या पट्ट्या आहेत. त्या घरीच बदलता येतील का? (वाशी)

उत्तर : या पट्ट्यांना फ्रिक्शन स्टे म्हणतात. त्या बिजागरीचे काम करतात आणि झडप हव्या त्या कोनात धरूनही ठेवतात. बऱ्याच पट्ट्यांत सरकणाऱ्या तुकड्यावर एक लहान स्क्रू असतो. तो किंचित आवळला की पकड वाढते. आधी पट्टीतली धूळ कोरड्या ब्रशने काढा, मग तो स्क्रू आवळून पाहा, आणि घर्षणाच्या जागी तेल घालू नका.

त्याने भागले नाही तर पट्ट्या बदलाव्या लागतील, पण ते काम घरी करू नका. पट्टी सोडवताना झडपेचा सगळा भार हातावर येतो आणि नवव्या मजल्यावरून ती निसटली तर खाली जीव जाऊ शकतो. कारागिराला बोलावताना पुढील गोष्टी पाहून घ्या. पट्ट्या नेहमी जोडीने बदलाव्यात. जुन्या पट्टीची लांबी आणि बंद असतानाची जाडी मोजून तशीच नवी आणावी, कारण जाडी चुकली तर झडप रबरावर दाबून बसत नाही आणि पाऊस आत येतो. बाजूने उघडणाऱ्या आणि वरून टांगलेल्या झडपांच्या पट्ट्या वेगळ्या असतात, त्या एकमेकांच्या जागी बसवू नयेत. पट्टीला चुंबक घट्ट चिकटला तर ती निकेल नसलेल्या पोलादाची आहे. खाडीजवळच्या वाशीत ३०४ मागून घ्यावी. तिला ॲल्युमिनियमच्या रिव्हेटने जोडू देऊ नका. स्टेनलेसच्या रुंद पट्टीला टेकलेला ॲल्युमिनियमचा छोटा रिव्हेट खाऱ्या ओलाव्यात भुकटी होऊन जातो. स्टेनलेसचे स्क्रू ॲल्युमिनियमच्या चौकटीत मात्र चालतात, कारण तेथे दुबळा धातू आकाराने मोठा असतो आणि झीज पसरून सौम्य होते. स्क्रूखाली थोडे सीलंट लावले की पुरे.

प्रश्न : आमच्या आजोबांच्या घराच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपले बसवलेले आहेत. झडपांच्या काही पितळी बिजागऱ्या शाबूत आहेत, काही लोखंडी गंजून तुटल्या आहेत. सगळ्याच बदलून ३१६ च्या बसवाव्यात, असा सल्ला मिळाला आहे. (मडगाव)

उत्तर : हा सल्ला मानू नये, अशी माझी विनंती आहे. गोव्यातील जुन्या घरांच्या अशा खिडक्या आता थोड्याच उरल्या आहेत, आणि त्यांच्या झडपांच्या लाकडी पट्ट्या इतक्या बारीक असतात की आजच्या जाड स्टेनलेस बिजागरीसाठी खाच वाढवली तर लाकूडच उरत नाही. पितळी बिजागरी हिरवट झाली म्हणजे ती निकामी झाली असे नव्हे. खीळ खेळत नसेल आणि पान तडकलेले नसेल, तर तिला लिंबू-चिंच लावून चकाकी आणण्याचीही गरज नाही; कोरडे पुसून मेणाचा पातळ हात दिला की झाले. तुटलेल्या लोखंडी बिजागऱ्यांच्या जागी त्याच मापाच्या भरीव पितळी बिजागऱ्या शोधाव्यात. केवळ पितळेचा मुलामा दिलेल्या लोखंडी बिजागऱ्याही बाजारात असतात, तेव्हा येथे चुंबक जरूर लावून पाहावा.

पितळी बिजागरीला स्क्रूही पितळीच हवेत, आणि ते मऊ असल्यामुळे जुन्या, कठीण झालेल्या सागात थेट पिळले तर मान मोडते आणि मोडका तुकडा काढताना चौकट फुटते. आधी स्क्रूच्या गाभ्याइतके बारीक भोक पाडावे, त्यात त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा पिळून आटे पाडून घ्यावेत, तो काढावा, आणि मग पितळी स्क्रूला मेणबत्तीचे मेण चोळून हाताच्या पेचकसानेच बसवावा. साबण चोळण्याची पद्धत आहे, पण साबण ओल धरतो. हे काम चालू असताना शिंपल्यांची झडप चौकटीत राहू देऊ नये. ती उतरवून सपाट फळीवर जाड कापडात ठेवावी, कारण पेचकसाच्या हिसक्यांनी शिंपल्याची कड चौकोनातून निसटते आणि तसा शिंपला पुन्हा मिळवणे बिजागरी मिळवण्यापेक्षा फार अवघड आहे.